वीतभर तुकड्याची परीक्षा

एका गावात हौसाक्का नावाची एक शिंपीण राहत होती. नवे कापड हाती आले की ती आधी त्याचा कोपरा भिजवायची, वाळवायची आणि त्यावर इस्त्री फिरवायची. रंग जातो का, कापड आटते का, हे कळल्याशिवाय ती कात्री लावत नसे.

तिच्या खोलीत जुनी शहाबादी फरशी होती. फरशीच्या सांध्यांत सुया आणि टाचण्या पडायच्या आणि दिसायच्या नाहीत. एकदा माप द्यायला आलेल्या बाईचे रांगते बाळ तिथे खेळत होते. त्याच्या तळहातात सुई घुसली. सुई निघाली, बाळ बरेही झाले. पण त्यानंतर लेकुरवाळ्या बाया उंबऱ्याबाहेरूनच कापड देऊ लागल्या, मग येईनाशा झाल्या. हौसाक्काला काम गेल्यापेक्षा त्या बाळाचा हात जास्त आठवायचा.

तालुक्याच्या गावी जिनपालशेठचे दुकान होते. तिथे पीव्हीसीचे फ्लोअरिंग मिळे. सतरंजीसारखे गुंडाळलेले ते प्लास्टिकचे आवरण जुन्या फरशीवर चिकटवता येई. सांधे झाकले जातील, सुई पडली तरी वरच राहील, हे हौसाक्काला पटले.

“धुवा, पुसा, वर नाचा. याला काही होत नाही,” शेठ म्हणाले.

“मग वीतभर तुकडा द्या. आठ दिवसांनी येते.”

“अक्का, ही फरशी आहे. ती काय आटणार आहे?”

“ते तिलाच विचारते,” हौसाक्का म्हणाली.

घरी येऊन तिने त्या तुकड्याचे चार भाग केले. एक मोरीच्या भिंतीजवळ चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवला. एक शिलाई मशीनच्या पायाखाली सरकवला. एक अंगणात उन्हात ठेवला. चौथ्यावर ती रोज काहीतरी सांडायची, कधी चहा, कधी तेल. त्यावर अनवाणी पाय टेकवून बघायची.

शेजारची शेवंता दारातून म्हणाली, “अक्का, फरशीला बाळंतविडा कधी शिवणार?”

“आधी तिचा स्वभाव तर कळू दे,” हौसाक्का म्हणाली.

आठव्या दिवशी तिने चौथ्या तुकड्यावर तापलेली इस्त्री टेकवली. तो करपला आणि वास सुटला. पण त्याआधी त्यावर सांडलेले सगळे एका फडक्यात निघाले होते, आणि थंडीत तो पायाला गार लागला नव्हता. मशीनखालच्या तुकड्यात खळगा पडला होता. मोरीजवळचा तुकडा वरून कोरडा होता, पण उचलला तर खाली मोरीतून झिरपलेल्या पाण्याचे थेंब होते. उन्हातल्या तुकड्यात काही फरक दिसला नाही. आठ दिवसांचे ऊन म्हणजे वर्षभराचे नव्हे, म्हणून तिने तो तिथेच राहू दिला.

उरलेले तीन घेऊन ती दुकानात गेली. तिथे एक शिक्षिका स्वयंपाकघरासाठी नक्षी निवडत होत्या.

“आमची भिंत जरा ओलसर आहे. चालेल ना?” त्या विचारत होत्या.

हौसाक्काच्या हातातले तुकडे पाहून शेठ लगबगीने पुढे आले. तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “अक्का, तेवढं पिशवीत ठेवा. तुमच्या खोलीत बसवायची मजुरी माफ.”

मजुरी म्हणजे हौसाक्काचे महिनाभराचे शिवण. तरी तिने तुकडे त्या बाईंसमोर मांडले.

“बाई, वरून पाणी सांडलं तर याला काही होत नाही. खालची ओल मात्र आत कोंडून राहते. आधी भिंत दुरुस्त करून घ्या. गरम भांडं थेट टेकवू नका. बाकी पुसायला सोपं, पायाला मऊ.”

शेठचा चेहरा उतरला. “म्हणजे तुम्हालाही आता नकोच असेल.”

“नको कशाला? मी खोलीचं माप घेऊन आलेय.”

शिक्षिका तुकडे उलटसुलट करत म्हणाल्या, “मीही घेईन. भिंत झाली की इथंच येते.”

शेठनी मजुरी पुरी लावली. हौसाक्काने ती कबूल केली.

तिने आधी मोरीची गळती बंद केली, सांधे सिमेंटने भरले आणि फरशी पुरती वाळू दिली. मगच शेठच्या माणसांना बोलावले. इस्त्री तिने टेबलावर नेली. मशीनच्या पायांखाली लाकडी फळ्या घातल्या. आता सुई पडली की दारातूनही चमकते. खोली झाडून ती जमिनीवर डोळे फिरवते, मगच पुन्हा मापाला येऊ लागलेल्या बायांना म्हणते, “सोडा बाळाला खाली.”

तात्पर्य: वस्तूचे दोष कळले म्हणून ती टाकू नये, ते ओळखून ती नीट वापरावी, आणि आपल्याला कळलेला दोष दुसऱ्यापासून झाकून ठेवू नये.