पितळी मुठीचा वस्तरा

अरे, बस आधी, ऐक काय झालं ते. म्हणजे झालं फार वर्षांपूर्वी, राजे-महाराजे होते तेव्हा. पण मला ते आत्ता तासाभरापूर्वी घडल्यासारखं वाटतंय.

तर एका राज्यात एक तांबट होता. तरुण, हाताचा एकदम पक्का, पण घडीभर स्वस्थ बसायचा नाही. जेवताना ताटाची कड चाचपायचा, पाणी पिताना तांब्याचा पोचा बघायचा.

एक दिवस त्याच्याकडे राजाचा म्हातारा न्हावी आला. धोकटीतून वस्तरा काढला आणि म्हणाला, याची शिंगाची मूठ काढ, पितळेची बसव. चांगली जड कर.

तांबटानं विचारलं, जड कशाला? म्हाताऱ्यानं आधी आढेवेढे घेतले, मग खरं सांगितलं. त्याचा हात थरथरायला लागला होता. रिकामा तांब्या उचलला की थरथरायचा, भरलेला उचलला की स्थिर. म्हणजे वजन असलं की हात ऐकतो, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पाच दिवसांनी राजाच्या बाळाचं जावळ होतं. राजाचं जावळ यानंच काढलेलं. आता त्याच्या लेकाचं काढायचं आणि मग धोकटी कायमची खुंटीला टांगायची, एवढंच त्याला हवं होतं.

तांबट लगेच भिडला. दोन जाड पितळी पट्ट्या कापल्या, मध्ये पातं मिटेल एवढी फट ठेवली, खिळे ठोकून बसवल्या. दुसऱ्याच दिवशी न्हाव्यानं तांबटालाच समोर बसवून त्याची दाढी केली. हात कणभर हलला नाही.

"झालं," म्हातारा म्हणाला. "हीच. दे इकडे."

पण तांबटाला मुठीवर कानशीचे ओरखडे दिसले. आणि त्याला एकदा दिसले म्हणजे संपलंच ना. राजवाड्यात असली ओबडधोबड मूठ कशी न्यायची, चार दिवस आहेत, जरा घासून देतो, असं त्याचं सुरू झालं.

"अरे बाबा, बाळ काय मूठ बघणारे?"

तांबटानं ऐकलं नाही. वस्तरा ठेवून घेतलाच.

ओरखडे गेले. मग एक पट्टी किंचित जाड वाटली, ती घासली. मग दुसरी जाड वाटली. मग कडा बोजड वाटल्या. मग वेल कोरली, ती उठून दिसेना म्हणून खोल कोरली, मग वाटलं पानांमधलं पितळ काढून जाळीच करू. जेवता जेवता उठून परत कानस धरायचा. बायको वैतागली. म्हणाली, "त्या मुठीला सोडा आता. घरातली कढई महिनाभर गळतेय, तिच्याकडे बघा." रोज सकाळी ती सुपलीभर पितळेचा कीस झाडून काढत होती. तिला तो दिसत होता, याला नाही.

जावळाच्या दिवशी ऐन वेळी हा धावत मंडपात पोचला आणि वस्तरा दिला. म्हाताऱ्यानं तो हातात घेतला, एकदा तांबटाकडे बघितलं. बोलायला वेळच नव्हता. बाळ मामाच्या मांडीवर बसलेलं, राजा-राणी समोर, वाजंत्री थांबलेली.

तांबट पुढे घुसला. लोक मूठ बघतायत ना, एवढंच तो बघत होता. बघत होते की. बाजूनं आलेलं ऊन त्या जाळीवर पडलं आणि मंडपाच्या कापडावर कवडसा उमटला.

तो कवडसा थरथरत होता.

घासून घासून आपण नेमकं काय काढून टाकलं, ते तांबटाला तेव्हा कळलं.

न्हाव्यानं वस्तरा तसाच हवेत धरला, दोनदा श्वास घेतला, मग पातं मिटलं. मामाला हळूच म्हणाला, "दुसऱ्या कुणाला बोलवा. हा हात बाळाच्या डोक्यावर नको."

जावळ दुसऱ्यानं काढलं. तांबट म्हाताऱ्याच्या मागे मागे गेला. काका, माझी चूक झाली, दोन दिवसांत पुन्हा जड मूठ करून देतो, म्हणाला.

"मूठ सुंदर आहे रे," म्हातारा म्हणाला. "पण भर मंडपात वस्तरा मिटलेल्या न्हाव्यापुढे आता कोण मान खाली घालणार?"

त्यानंतर त्यानं कुणाच्याच डोक्याला हात लावला नाही.

काम पुरं झालं की हात काढून घेणं, हेही कामच असतं.

पण तू खरं सांग. वस्तरा तुझ्याकडे होता, चार दिवस हाताशी होते. तू काय केलं असतंस?