पाठीचा सडा

निगुडवाडीच्या वर, घाटाच्या कड्याला लागून जो उघडाबोडका कातळ दिसतो, त्याला पाठीचा सडा म्हणतात. कार्तिक वद्य षष्ठीला सकाळी इथे आलात तर धट्टीकट्टी माणसे आपापल्या घरातल्या म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन ही चढण चढताना दिसतील. म्हातारे कुरकुरत असतात, "सावकास रं, हाडं मोडशील माजी," म्हणून ओरडत असतात. चढणाऱ्यांच्या हातात मात्र काहीच नसते. पाण्याचा तांब्या नाही, देवीचा नारळसुद्धा नाही. पाहुण्यांना हसू येते आणि येऊ द्यावे, वाडीतली माणसेही हसतात. पण कारण ऐकल्यावर हसणारा पाहुणा अजून कोणी पाहिलेला नाही.

पूर्वी वाडी आत्ताच्या जागी नव्हती. खाली, ओढा जिथे दरीतून बाहेर पडतो, तिथे त्याच्या काठाला अठरा घरे होती. त्यांतले एक सुभाना शेलाराचे. बाप लवकर गेलेला. आई ठकूबाईने त्याला पाठीशी बांधून नाचणी लावली, कापली, आणि वाढवले. म्हातारपणी तिचे गुडघे असे धरले की उंबऱ्यापलीकडे पाऊल पडेना. ही गोष्ट घडली त्याआधीची दोन वर्षे पीक हातचे गेले होते. त्या साली नाचणी चांगली आली, तेव्हा सगळ्या वाडीने पुढच्या पेरणीचे बियाणे सुभानाच्या घरच्या कणगीत ठेवले. दिवसभर दाराशी बसणाऱ्या ठकूबाईपेक्षा चांगली राखण दुसरी कुठली मिळणार होती?

दर कार्तिकात खाडीकडून चांगुणा नावाची खारवीण सुकी मासळी घेऊन घाट चढून येई आणि मासळीच्या बदल्यात नाचणी नेई. त्या साली ती आली ती रिकामी पाटी घेऊन, धापा टाकत.

"दर्यात तुफान फिरतंय," ती म्हणाली. "आमच्याकडं दोन दिस नुसता वारा हाय, पानी थेंबभर नाय. त्यो पानी घेऊन वर चाललाय, बाबांनो. तुमच्या डोंगराला अडला की हितंच वतनार."

लोकांना ते पटले नाही. पावसाळा सरून महिना होऊन गेलेला, खळ्यावर कणसे वाळत पडलेली. समुद्राचे वादळ समुद्राला, आपला त्याच्याशी काय संबंध, असे डोंगरातल्या माणसांना वाटे. एकाने तर विचारले, "मग चांगुणाबाय, तुजी होडी हितं कुटं बांदायची?" सगळे खो-खो हसले, सुभानाही हसला. चांगुणाने पाटी उचलली आणि ती एकटीच सड्यावरच्या वाघजाईच्या देवळात जाऊन बसली.

तिचे बोलणे खरे होते. समुद्रावरून निघालेला तो वारा पाठीवर ओझे घेतलेल्या हमालासारखा येतो. सपाटीवर चालत राहतो, पण समोर सह्याद्री उभा ठाकला की ओझ्यासकट वर चढणे त्याला जमत नाही. मग सगळे पाणी डोंगराच्या अंगावर टाकून तो हलका होऊन पलीकडे जातो.

त्याच संध्याकाळी पाऊस धरला. श्रावणातही तसा कोणी पाहिला नव्हता म्हणे. उजाडले तेव्हा ओढ्याचे पाणी उंबऱ्यांना लागले होते. आता मात्र चांगुणाची थट्टा करणारेच आधी सड्याच्या वाटेला लागले. पोरे, गुरे, जमेल तेवढे धान्य घेऊन वाडी चढू लागली. सुभानाने बायको येसूला आणि दोन मुलांना देवळात पोचवले आणि तो आईसाठी परत आला. तिच्यापुढे पाठ करून खाली बसला.

ठकूबाई म्हणाली, "आदी बियानं ने. गावाचं हाय ते. मी काय पळून जाते व्हय?"

सुभाना उठला. त्याने एक खेप टाकली, दुसरी टाकली. तिसऱ्यांदा खाली आला तेव्हा ओढा गप झाला होता. पाऊस तसाच कोसळत होता, पण ओढ्यात नुसते धोंडे दिसत होते. वाघजाई पावली असे त्याला वाटले आणि त्याचा जीव भांड्यात पडला. कणगीत आता एकच पोते राहिले होते. तो पुन्हा आईपुढे बसला होता, असे सांगतात. तिने त्याच्या पाठीवर हातही ठेवला होता.

"ओढा निवला की रं," ती म्हणाली. "आता कसली घाई? येवढी खेप टाक आन् मग मला ने."

पावसात ओढा गप का होतो, हे आता वाडीतले शेंबडे पोरही सांगेल. वर दरड कोसळून पाणी तुंबलेले असते. तेव्हा मात्र ते कोणाला ठाऊक नव्हते. सुभाना पोते घेऊन निम्म्या चढणीवर पोचला, तोच ओल्या मातीचा उग्र वास आला आणि जमीन थरथरली. त्याने वळून पाहिले. चिखल, धोंडे आणि उभीच्या उभी झाडे वाडीवरून वाहत होती. अठराच्या अठरा घरे गेली. माणूस एकच गेले.

सड्यावर चांगुणाने त्याच्या डोक्यावरचे पोते उतरवून घेतले. तो ते सोडत नव्हता म्हणे.

पुढच्या साली ते बियाणे पेरले आणि नाचणी अमाप आली. वाडी जगली, ओढ्यापासून दूर नव्याने उभी राहिली. सुभानाला कोणी बोल लावला नाही, उलट म्हातारीकोतारी माणसे त्याच्या पाया पडत, आणि तेच त्याला सोसत नसे. त्या नाचणीची भाकरी त्याने जन्मात तोंडी लावली नाही. येसू समजूत घाली, "आत्याबाईंनीच सांगितलं व्हतं न्हवं?"

"ती सांगनारच," तो म्हणे. "आय हाय ती. मी ऐकायला नको व्हतं."

वर्ष झाले त्या दिवशी लख्ख ऊन होते. सुभाना शेजाऱ्याच्या दारात गेला, पाठ करून खाली बसला आणि म्हणाला, "आजीला द्या." शेजाऱ्याने आजीला त्याच्या पाठीवर बसवले. त्याने वाडीतली अकरा म्हातारी माणसे एकेक करून सड्यावर नेली. दर खेपेला हात रिकामे. दिवस मावळला तेव्हा त्याच्या पायांतून रक्त येत होते. अंगात बळ होते तोवर त्याने दर साली त्या षष्ठीला हेच केले, आणि तो थकल्यावर घरोघरची माणसे आपापली म्हातारी माणसे उचलू लागली.

आजही सगळी घरे वर पोचली की सर्वांच्या मागून शेलारांच्या घरातला थोरला निघतो. त्याच्या आईबापांना धाकट्या भावांनी आधीच नेलेले असते. तो कमरेत वाकून, हात पाठीमागे गुंफून चढतो. पाठीवर कोणी नसते. मध्येच थांबून ओझे सरकल्यासारखे वर घेतो आणि पुन्हा चालू लागतो. सड्यावर आला की हळूच खाली बसतो आणि बसूनच राहतो. मग तिथे जमलेल्यांतली सगळ्यात म्हातारी बाई म्हणते, "मी उतरले रं बाबा."

ते ऐकल्यावर तो उभा राहतो.