लखलखपुरीची संध्याकाळ

एका राज्यात कुवलया नावाची राणी होती. राजा शूरसेन मोहिमेवर निघाला की वर्ष वर्ष परतत नसे, आणि मग न्यायनिवाडे, धान्याची कोठारे, नदीचे बांध, सारे राणीच पाही. बारा वर्षे तिला एका दिवसाची उसंत नव्हती. या खेपेस राजा परतला, त्याने राणीचा थकलेला चेहरा पाहिला आणि भर दरबारात जाहीर केले, की राणीसाहेबांना तीन दिवसांची रजा. तीन दिवस राज्य मी सांभाळीन.

राणीने आपली नणंद इंदुमती हिला सोबत घेतले. वाऱ्याचे घोडे जुंपलेल्या रथातून दोघी घटकाभरात लखलखपुरीला पोचल्या. सारे जग तिथे मौजेला जाई. कारंजी नाचत होती, काचेचे मोर गात होते, भर दुपारी लक्ष दिवे जळत होते आणि महालामहालांत फासे खुळखुळत होते. तिथे सोने चालत नसे. ज्याने त्याने आपल्याजवळचे काहीतरी पणाला लावायचे. एकाने आपली शीळ लावली होती, एकीने गालावरची खळी.

दोघी पोटभर हसल्या, हिंडल्या, गुलाबपाणी प्यायल्या. इंदुमती चार डाव जिंकली आणि भान विसरली. पाचव्या डावाला तिने घरची आठवण लावली, आणि हरली.

राणी म्हणाली, "वन्स, चला आता."

इंदुमतीने तिच्याकडे नवख्या नजरेने पाहिले. "आपण कोण?"

राणीने तिचा हात धरून ओढले, पण ती पटावरून उठेना. थोड्या वेळाने सांज होईल, खेळ थांबेल, मग हिला उचलून रथात घालू, असा विचार करून ती थांबली. पण सूर्य तसूभर हलेना. तेव्हा कारंज्याच्या काठावर बसलेल्या एका साळुंकीने तिला खरी गोष्ट सांगितली. संध्याकाळ झाली की पट मिटायचा आणि पणाला लावलेले ज्याचे त्याला परत द्यायचे, असा या नगरीचा मूळ नियम होता. म्हणून नगरीचा धनी, जादूगार मायाधर, याने शंभर वर्षांपूर्वी सूर्याशी फासे खेळून या नगरीची संध्याकाळच जिंकली आणि चांदीच्या करंड्यात कोंडली. संध्याकाळ नाही म्हणून कुणाला घर आठवत नाही. करंडा हवा तर मायाधराशी तीन डाव खेळावे लागतात, आणि तो आजवर एकदाही हरलेला नाही.

राणी तडक त्याच्यासमोर जाऊन बसली.

पहिला डाव फाशांचा. राणीने आपली सावली लावली आणि हरली. दुसरा डाव कवड्यांचा. तिने आपला हुकमी आवाज लावला, ज्या आवाजाला सेनापती उठून उभे राहत. तोही गेला. सावली गेली, आवाज गेला, उरला नुसता कुजबुजता सूर. पण दोन्ही डावांत तिने एक गोष्ट पाहिली होती. जिंकताना मायाधराला आनंद होत नव्हता. तो डोळे चोळत होता, अवघडलेली पाठ सावरत होता.

"तिसऱ्या डावाला काय लावता, राणीसाहेब?"

"माझ्या रजेचा एक दिवस."

मायाधराच्या मुठीतले फासे थबकले. शंभर वर्षे तो त्या आसनावरून उठला नव्हता. जिंकत राहणाऱ्याला तिथून उठता येऊ नये, असा त्या आसनाला शाप होता. त्याने फासे टाकले आणि तो जिंकला. जिंकताच त्याने भुकेल्यासारखा हात पुढे केला.

"घ्या," राणी म्हणाली, "पण पुरा घ्या. सकाळ झाली, दुपार झाली, संध्याकाळ झाली, म्हणजे एक दिवस. त्यातली संध्याकाळ तुमच्याच करंड्यात आहे."

मायाधराने शेजारच्या करंड्याकडे पाहिले.

राणीने हळूच विचारले, "फार दमलात का?"

"फार," तो म्हणाला, आणि त्याने करंड्याचे झाकण उघडले.

आधी केशरी उजेड बाहेर आला, मग जांभळा. मग गार वारा, परतणाऱ्या गाईंच्या घंटांचा नाद आणि कुठल्याशा चुलीवर शिजणाऱ्या भाताचा वास. महालामहालांत माणसे चपापून उठली. पट मिटले. शीळ शीळवाल्याच्या ओठांवर आली, खळी गालावर उमटली, राणीची सावली तिच्या पायांशी येऊन लांब पसरली आणि तिचा हुकमी आवाज गळ्यात परतला. जो तो आपल्या घराचे नाव घेत वेशीकडे धावू लागला. धावता धावता माणसे हसत होती, रडत होती, एकमेकांना कडकडून भेटत होती.

"वहिनी," इंदुमती म्हणाली, "मला भूक लागली आहे. आणि दादा आपली वाट पाहत असतील."

राणीने तिला पोटाशी धरले.

नियमाप्रमाणे रजेचा दिवसही राणीकडे परत आला होता. तो तिने मायाधराच्या हातावर ठेवला आणि सांगितले, की हा आता पणाला लावलेला नव्हे, भेट समजा. आसनावरचा शाप सुटला होता. मायाधर उठला, त्याने जोडे काढले आणि पाय कारंज्यात सोडून तो बसला.

दुसऱ्या दिवशी तो बागेतल्या बकुळीखाली झोपला. राणी आणि इंदुमती हत्तीवर बसून नगरी पाहून आल्या, मिठाया खाऊन आल्या, तरी तो झोपलेलाच होता. साळुंकी फांदीवर बसून कुणाला आवाज करू देत नव्हती. सूर्य कलला, दिवे आपल्या वेळेला लागले, आणि उरलेली दोन दिवसांची रजा संपवून दोघींचा रथ राजधानीकडे निघाला.