आसाचे वंगण

फार पूर्वी, गावांना वेशी होत्या पण नकाशे नव्हते, तेव्हाची ही गोष्ट.

दोन डोंगरांच्या मधल्या पठारावर एक गाव होते. शेती बेताची, पण भोवतीचे कुरण एवढे दाट की उभ्या गवतात बैल शिरला तर त्याची नुसती शिंगे दिसत. उन्हाळ्याचे चार महिने गावची सगळी गुरे याच गवतावर जगत.

गवत कापायला गावाचा एक सामाईक गाडा होता. कोण्या जुन्या कारागिराने तो घडवलेला. बैल ओढू लागले की चाके फिरत आणि चाकांच्या जोराने खालचे लांब पाते डावी-उजवीकडे सरकत गवत आडवे करी. शंभर विळ्यांचे काम तो एकटा उरके. मात्र घाई असे. नवरात्र उठल्यापासून कोरडे वारे सुटेपर्यंत जेमतेम तीन आठवडे मिळत. वारे सुटले की तुरे झडत, काडी कडक होई आणि मग गुरे तिला तोंड लावत नसत.

हा गाडा सोळा वर्षे केरोबाच्या हाती होता. त्याची बायको म्हणे, "माझ्या डोक्याला तेल आहे का नाही ते विचारू नका, गाड्याला मात्र हवंच!" खरेच होते ते. रोज सकाळी बैल जुंपण्याआधी केरोबा करंजाचे तेल आणि काजळी कालवून केलेले वंगण मूठभर घेई आणि चाकातल्या लोखंडी आसाला लावी. कालचे वंगण मात्र तो पुसत नसे. गावची रीतच तशी होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी गाड्याची पूजा होई, आणि पूजेचे वंगण पुसणे म्हणजे गाड्याचे कुंकू पुसणे, असे सारे मानत. त्यामुळे थरावर थर चढे. तो जाड काळा थर पाहून लोक म्हणत, "केरोबाची माया बघा!" केरोबाला ते ऐकायला आवडे.

एका वर्षी, हंगामाच्या सहाव्या दिवशी, गाड्याचे उजवे चाक डुलू लागले. पाते कुठे जमिनीत रुते, कुठे गवताच्या वरून जाई. मागे उभ्या गवताचे पट्टे राहू लागले.

"केरोबा, गाडा चालतोय का लेझीम खेळतोय?" पाटलांनी विचारले.

केरोबाने एका मुठीऐवजी दोन मुठी वंगण घातले. चाक डुलतच राहिले. मग त्याने आस आणि चाकाचा तुंबा, म्हणजे आरे बसतात तो मधला लाकडी गड्डा, यांच्या मधल्या फटीत चामड्याची पट्टी कोंबली. ती दुपारपर्यंत टिकली. नवव्या दिवशी चाक निखळले, गाडा कलंडला आणि पाते दगडावर आपटून अडकले.

गाव गोळा झाले. त्या चाकाचे आरे धाकू सुताराने आदल्या वर्षी नवे बसवले होते. केरोबाला ते आठवले, आणि विचार करायच्या आत तो बोलून गेला, "मी तर रोज वंगण घालतो. आरेच वाकडे बसले असतील."

"म्हणजे सुताराचं काम!" पाटील धाकूकडे वळून म्हणाले. "नाना, गाडा उभा राहिला नाही, तर यंदा तुझा गवताचा वाटा बंद."

धाकू सुतार साठीचा, अबोल माणूस. घरी एक दुभती म्हैस, तीच त्याची शेती. तो एवढेच म्हणाला, "आरे माझेच आहेत. एकेक हलवून बघा. एकही हलत नाही." पण कोणी वाकून पाहिले नाही. केरोबानेही नाही.

ओढ्याकाठी फिरत्या लोहारांचे पाल पडले होते. केरोबाने आस आणि चाक सोडवले आणि बैलगाडीत घालून तिकडे नेले. लोहार भाता दुरुस्त करत होता. त्याची बायको पुढे आली. तिचे दंड घण घालून घालून पैलवानासारखे झाले होते. तिने आसावर नजर टाकली आणि हात पुढे केला. "फडकं द्या."

"पुसायचं नाही, बाई. पूजेचं आहे."

"किती वर्षांचं?"

"सोळा."

"अगंबाई! सोळा वर्षांत देवालासुद्धा आंघोळ घालतात की, दादा."

केरोबा हसला नाही. तिने मग फडके मागितले नाही. बोटावर थोडे वंगण घेतले आणि म्हणाली, "तुमचा पाण्याचा तांब्या आणा. आता हे त्याच्यावर घासा."

केरोबाने घासले. लखलखीत तांब्यावर बारीक ओरखडे उमटले. पुन्हा घासले, पुन्हा उमटले.

"तुमच्या कुरणाची माती मुरमाड," ती म्हणाली. "धूळ उडते, वंगणाला चिकटते. तुम्ही वर नवं घालता, जुनं आत सरकतं. आत काय आहे मग? कानस आहे. चाक फिरलं की घासते."

तिने फडके घेऊन आस पुसला तेव्हा केरोबाने तिला अडवले नाही. खालून लोखंड निघाले. एका बाजूने ते झिजून निम्मे झाले होते, हाडूक चघळून टाकावे तसे.

"म्हणजे मीच?" केरोबा म्हणाला.

लोहारणीने नवऱ्याकडे पाहिले, मग भट्टीकडे. "मी कुणाला सांगायला जात नाही, दादा. आमचं पाल परवा उठेल. आता कोळसा बघा, आमच्याकडचा पुरायचा नाही."

केरोबा कोळशासाठी उठला, तोच समोरून धाकू सुतार येताना दिसला. पाठीवर बाभळीच्या कोळशाचे पोते.

"नाना, तुम्ही?"

"लोखंडाला आच जास्त लागते," धाकूने पोते उतरवले. "माझ्या वाट्याचं जे व्हायचं ते होवो. गुरं सगळ्यांची आहेत."

आणि तो तसाच परत गेला. केरोबाला त्याच्याकडे पाहवले नाही.

दोन दिवस भट्टी धगधगली. झिजलेल्या टोकाभोवती लोखंडाची पट्टी लाल करून गुंडाळली, पुन्हा तापवली. लोहार सांडशीत धरी, त्याची बायको घण घाली. जुने आणि नवे एकजीव झाले तेव्हा तिने कानशीने ते गोल केले आणि चाक बसवून फिरवून पाहिले. चाक फिरत राहिले, डुलले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडा कुरणात उभा राहिला. सारे गाव जमले. पाटील म्हणाले, "बघा, लोखंड बळकट निघालं. पण सुताराच्या चुकीनं तीन दिवस गेले, ते विसरायचं नाही."

केरोबाने बैलांचे कासरे खाली ठेवले.

"पाटील, चूक सुतारनानांची नाही. माझी आहे. मी सोळा वर्षं मातीवर वंगण घालत आलो. आस मीच झिजवला, आणि वर नानांचं नाव घेतलं."

मग एक म्हातारा पुटपुटला, "पण ती तर रीत आहे."

"रीत आहे, बाबा. पण हात माझा होता. मी एकदाही आत पाहिलं नाही."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "मग गाडा दुसऱ्याच्या हाती द्यावा लागेल."

"द्या. फक्त त्याला सांगा, रोज आधी पुसायचं, मग घालायचं."

तेव्हा धाकू सुतार गर्दीतून पुढे आला. "गाडा केरोबाकडेच ठेवा, पाटील. नवा माणूस हे शिकेपर्यंत आणखी एक आस जाईल." आणि केरोबाकडे वळून तो म्हणाला, "माझे आरे मात्र आता बघ. एकेक हलवून बघ."

केरोबा गुडघ्यांवर बसला. सगळ्यांसमोर त्याने एकेक आरा हलवून पाहिला. एकही हलला नाही.

त्या वर्षी सगळे गवत हाती लागले नाही. उत्तरेच्या उतारावर होते ते वाऱ्यात झडले, आणि उन्हाळ्यात केरोबाला आपल्या दोन गाई सासरवाडीला नेऊन बांधाव्या लागल्या. सुताराचा वाटा मात्र त्याच्या दारात पूर्ण पडला. आणि पुढच्या हंगामात पूजेच्या दिवशी त्या गावात नवी रीत सुरू झाली. आधी आस पुसून लख्ख करायचा, मग त्याला कुंकू लावायचे.

आत न पाहता केलेली माया, ज्याला जपायला निघते त्यालाच झिजवते.