सवतीच्या धोंड्यावरची दोन सुपं

वहाळाकाठचा तो काळा धोंडा ना? त्याच्यावर बसू नका हो, उठा. दोन बायकांची जागा आहे ती, आणि दोघीही फटकळ.

आमच्याकडे गौर पूर्वा नक्षत्रावर आली, तरच नव्या सुनेचा ओवसा होतो. भरलेलं सूप तिने गौरीला ओवाळलं, की ती घरची झाली. कधी योग पहिल्याच वर्षी येतो, कधी थांबावं लागतं. या दोघींतली पहिली, आनशी, म्हणे पाच वर्षं थांबली. सूप हळदीने रंगवून तिने आढ्याला टांगून ठेवलं होतं. माघात ती तापाने गेली. वैशाखात तिच्या नवऱ्याने, धाकूने, भागीशी लग्न केलं. आणि त्याच भाद्रपदात योग जुळला. आता सांगा, कुठली बाई गप्प बसेल?

भर दुपारी आनशी वहाळातून वर आली, माडाएवढी उंच, केस मोकळे. घरोघरी शिरून भरली सुपं उपडी करत सुटली. माणसं पळाली. धाकूच्या दारात भागी तेवढी उभी राहिली. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा असतो. हिने तो रागाने भाताच्या कणगीत पुरला होता, कारण धाकू रोज जेवताना म्हणायचा, आनशीच्या हाताची चव वेगळी.

भागी म्हणाली, "मेलीस तरी या घरात तूच आहेस. मला तुझा हेवा वाटतो."

"मला तुझा," आनशी म्हणाली. "पाच वर्षं थांबले मी. तुला चार महिन्यांत मिळालं."

भागीने कणगीत हात घालून टाक काढला, गळ्यात घातला. आनशीचं सूप आढ्यावरून उतरवलं, आपल्या सुपातला नारळ, काकडी, विडे सगळं त्यात घातलं आणि तिच्या नावाने ओवसा केला. मग ते सूप या धोंड्यावर आणून ठेवलं. आनशी ते घेऊन पाण्यात उतरली, असं सांगतात. भागीचा स्वतःचा ओवसा राहिला तो राहिलाच. पुढचा योग यायच्या आत ती बाळंतपणात गेली.

आजही योगाच्या वर्षी नवी सून आधी इथे दोन सुपं ठेवते, मग आपलं भरते. दोन्ही सारखीच हवीत. एकात काकडी मोठी पडली, तर संध्याकाळी ते सूप उपडं सापडतं.

माझ्या गळ्यातला हा टाक बघितलात? मीही दुसरीच. चाळीस वर्षं झाली, यांच्या तोंडी अजून पहिलीच्याच भाकरीचं कौतुक. माझ्या ओवशाला मी इथे तिसरं सूप ठेवलं, तिच्या नावाचं. हेवा आजही वाटतो हो. पण काकडी माझ्यापेक्षा तिला मोठी घातली.