कापशीच्या अंगावरची शाई

फार पूर्वी, गोदावरीच्या काठी अश्मक देशातल्या पोतली नगरात विश्वसेन राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व एका शाई करणाऱ्याच्या घरी जन्माला आले. त्या जन्मी त्यांचे नाव सोमिल होते.

शाई कशी करायची हे पोतलीत कुणाला शिकवावे लागत नसे. तिळाच्या तेलाचा दिवा लावायचा, त्यावर खापर उपडे धरायचे, जमलेली काजळी खरवडून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलायची. पण अशा शाईने लिहिलेली भूर्जपत्रे दोन-तीन पावसाळ्यांत वाळवी फस्त करून टाकी. सोमिलच्या घरच्या शाईची गोष्टच वेगळी. तिने लिहिलेल्या पानाला वाळवी तोंड लावत नसे. का लावत नसे, हे फक्त सोमिलला ठाऊक होते. वडिलांनी मरताना ते त्याच्या कानात सांगितले होते, आणि वडिलांना आजोबांनी. घरातली चूल त्या एका गोष्टीवर पेटत होती.

पोतलीत एक चाल होती. पावसाळा सरला की दरबारात शाईची परीक्षा होई. प्रत्येक शाईकाराने आपल्या शाईने एक पान लिहून द्यायचे. ती सारी पाने वाळवीने भरलेल्या मडक्यात घालून तोंड बांधायचे आणि महिन्याने भर सभेत मडके उघडायचे. ज्याचे पान शाबूत निघेल त्याची शाई वर्षभर राजाच्या लेखनशाळेत चाले. विजेत्याच्या ताज्या शाईने भरलेले घंगाळ सिंहासनासमोर ठेवीत आणि राजा त्यात लेखणी बुडवून पहिले अक्षर काढी.

त्या वर्षी मडके उघडण्याआधीच सोमिलचे घंगाळ सिंहासनासमोर मांडलेले होते. निकाल काय लागणार हे सेवकांनाही पाठ झाले होते.

सोमिल शाईकारांच्या रांगेत बसला होता. शेजारी कटंक होता. त्याचेही घर पिढ्यान् पिढ्या शाईचेच, आणि पिढ्यान् पिढ्या हरणारे.

"यंदा तरी सांगून टाक," कटंक पुटपुटला. "वर जाताना बरोबर नेणार आहेस का?"

"मुलाला सांगेन."

"तुझा मुलगा अजून पाळण्यात आहे. तो मोठा होईतो आम्ही काय वाळवीच्या तोंडाकडे बघत बसायचं?"

सोमिल हसला आणि समोर पाहू लागला. विश्वसेन राजा मोठा करडा माणूस होता. कपाळावर तलवारीची जुनी खूण, बोलणे मोजके. त्याला हसताना कुणी पाहिले नव्हते. पण त्याच्या मांडीवर कापशी नावाची मांजर झोपलेली असे. पिंजलेल्या कापसासारखी पांढरी, लांब केसांची. ती झोपलेली असली की राजा न्याय देतानाही आवाज चढवीत नसे. त्यामुळे कित्येक अपराधी कापशीला मनातल्या मनात हात जोडून घरी गेले होते.

सेवकाने मडक्याचे तोंड सोडले.

महिनाभर कोंडलेल्या वाळवीला पंख फुटले होते. झाकण निघताच पंखवाल्या वाळवीचा लोटच्या लोट भसाभस वर उसळला. सभा डोळ्यांवर उपरणी घेऊन मागे सरली. कापशीने एक डोळा उघडला, मग दुसरा. तिची शेपटी हलली. राजाचा हात पोचायच्या आत तिने मांडीवरून उडी घेतली, हवेतच एका वाळवीवर पंजा मारला आणि खाली आली ती थेट घंगाळात.

काळे शिंतोडे सिंहासनाच्या पायऱ्यांवर उडाले. घंगाळातून मांजर निघाले, पण कापशी निघाली असे कुणी म्हटले नसते. मानेपर्यंत डांबरासारखे काळे, केस चिकटून निम्मे झालेले, वर तेवढे पांढरे डोके. कुणीतरी फिस्सकन हसले. मग सगळ्यांनी राजाचे तोंड पाहिले आणि हसू जागीच विरले.

कापशी सिंहासनाखाली शिरली. अश्मक देशाचा राजा सर्वांदेखत गुडघ्यांवर बसला, वाकला आणि तिला हळूहळू बाहेर काढून मांडीवर घेतले. त्याचे पीतांबर काळे झाले. कापशी थरथरत होती. मग मांजरे करतात तेच तिने केले. पुढचा पंजा उचलला आणि चाटू लागली.

राजाचा जीव भांड्यात पडला. "चाटू दे. मांजराला कोण न्हाऊ घालतं? आपली आपण साफ होईल."

सोमिलने ती काळी झालेली जीभ पाहिली. तो रांग सोडून धावला, अंगावरचे उपरणे काढून त्याने कापशीला पंज्यांसकट गुंडाळले. फक्त डोके बाहेर ठेवले.

"महाराज, हिला चाटू देऊ नका."

"का?"

वडिलांचा शेवटचा श्वास सोमिलला कानाशी ऐकू आला.

"शाई पोटात जाणं बरं नव्हे," तो एवढेच म्हणाला.

"डिंक आणि काजळी," कटंक मागून म्हणाला. "डिंकाचे लाडू बाळंतिणीला देतात. काजळ लेकरांच्या डोळ्यांत घालतात. मांजर त्यानं मरतं, हे आजच ऐकलं." सभेत खसखस पिकली. कटंकाला अवसान चढले. "महाराज, माझ्याकडे चुन्याची निवळी आहे, पापडखार आहे. राजवस्त्रांवरचे डाग मी त्यानंच काढतो. सांज व्हायच्या आत कापशी पुन्हा पांढरीशुभ्र करून देतो."

"आण," राजा म्हणाला.

"नको," सोमिल म्हणाला. "वस्त्राला कातडी नसते, महाराज. खाराने हिची आग आग होईल."

"तू हिला काळी केलीस. तो गोरी करायला निघालाय. आणि तूच त्याला अडवतोस?"

सोमिल उत्तर देणार तोच उपरण्यातली कापशी आचके देऊ लागली. तिने मान लांब केली. तोंडातून फेस आला, काळसर, आणि त्याच्या कडेला निळसर झाक होती. राजाचा चेहरा पांढरा पडला.

वैद्य बिल्वक दरबारातच होते. मोठे तोंडाळ म्हातारे, पण हात सोन्याचा. त्यांनी कापशीचे तोंड उघडून पाहिले, हुंगले आणि मान वर केली.

"हे काजळीचं काम नव्हे. काय घातलंयस रे यात? विषं शंभर, उतारे शंभर. एकाचा उतारा दुसऱ्याला दिला तर मांजर मरेल आणि नाव माझं बदनाम होईल. नाव सांग."

शाईकारांच्या रांगेतली प्रत्येक मान पुढे झाली होती. कटंकाने तर श्वास रोखला होता.

बिल्वकांनी आवाज खाली आणला. "माझ्या कानात सांग हवं तर. बाहेर जाणार नाही."

सोमिलला सुटका दिसली. मांजर वाचेल, गुपितही वाचेल. तो वैद्यांच्या कानाशी वाकला, आणि वाकताना त्याची नजर लेखनशाळेतल्या लेखकांच्या रांगेवर गेली. म्हातारे लेखक दत्तिल, राजाच्या पहिल्या अक्षराची वाट पाहत, सवयीने, लेखणीचे टोक ओठांत धरून ओले करीत होते. त्यांचे ओठ काळे होते. शेजारच्या लेखकाचेही ओठ काळे होते. त्याच्या शेजारच्याचेही.

सोमिल शाई घरूनच पाठवीत असे. ती वापरली जाताना त्याने कधी पाहिली नव्हती.

तो ताठ उभा राहिला.

"मोरचूद," तो सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला. "निळा मोरचूद कुटून डिंकाच्या पाण्यात विरघळवतो. वाळवी त्यानं मरते. आमच्या घरचं गुपित एवढंच. आणि लेखकहो, लेखणी तोंडातून काढा."

दत्तिलांच्या हातातून लेखणी गळून पडली. "तरीच म्हटलं," ते हळूच बोलले, "पोटातलं हे मुरडणं कुठल्या जन्मीचं पाप आहे."

पण बोलायला वेळ नव्हता. "दूध आणा, कोमट," बिल्वक ओरडले, "आणि अंड्यातला पांढरा बलक! पळा!" ते कापशीच्या गालफडातून थेंब थेंब उतारा घालू लागले. "पोटातलं मी बघतो. अंगावरचं तू बघ, सोमिला. अंगावर एक थेंब राहिला तरी ती तो चाटणार, आणि माझं सगळं पाण्यात."

सोमिलने बाह्या सरसावल्या. एक सेवक ओल्या फडक्याने खसाखसा पुसायला पुढे आला, त्याचा हात त्याने धरला. "घासू नकोस, शाई मुळाशी जाते. कोरडं फडकं दाबून टिपून घे." कापडामागून कापड काळे होऊन बाजूला पडू लागले. पोटाखालचे केस डिंकाने गठ्ठा होऊन बसले होते. सोमिलने कातर मागवली. कातडीला लागू नये म्हणून आपले बोट मध्ये घालून त्याने ते गठ्ठे एकेक करून कापून काढले.

"हिचे केस," राजा म्हणाला. एवढेच.

"केस पुन्हा येतात, महाराज."

मग कोमट पाणी. सोमिलने आधी स्वतःच्या मनगटावर ओतून पाहिले. मानेपासून शेपटीकडे, केसांच्या कलाने धार सोडली, डोळ्यांकडे ओघळू दिली नाही. डिंक पाण्याने सैल झाला, पण काजळी काही सुटेना.

"हरभऱ्याचं पीठ," सोमिल म्हणाला. "कुणीतरी स्वयंपाकघरात—"

तेवढ्यात पिठाचे भांडे त्याच्यापुढे आले. आणणारा कटंक होता. धावल्याने धापा टाकत होता. चुन्याची निवळी त्याने दाराशीच ओतून दिली होती.

"पाय धर," सोमिल म्हणाला.

कटंकाने पाय धरले आणि कापशीने त्याच्या मनगटावर लांब ओरखडा काढला. "जीव आहे हो हिच्यात," कटंक कळवळून म्हणाला, "वैद्यबुवा, तुमचा उतारा लागू पडला." सभेतले लोक हसले. राजाही हसला असे पुढे सांगत, पण तेव्हा सगळ्यांचे डोळे कापशीवर होते.

पिठाने काजळी धरली. चोळायचे, धुवायचे, पुन्हा चोळायचे. पाणी काळे, मग राखी, मग ताकासारखे झाले. तोंडाभोवती फक्त ओल्या फडक्याचे टोक फिरवले. शेवटी सोमिलने तिला कोरड्या कापडात गुंडाळून शेगडीपासून हातभर दूर धरले. उन्हे कलली तेव्हा तिने डोळे उघडले, बिल्वकांच्या बोटावरचे दूध चाटले आणि झोपी गेली. तिची जीभ गुलाबी होती.

पोतलीतली सर्वांत सुंदर मांजर आता कुठे पांढरी, कुठे राखी, कुठे भादरलेली होती. राजाने तिला मांडीवर घेतले.

"तुझी शाई माझ्या दरबारात पुन्हा येणार नाही," तो म्हणाला.

"येऊ नये, महाराज."

"कानात का नाही सांगितलंस? घरची चूल पेटती राहिली असती तुझी."

"कानात सांगितलं असतं तर ही एकटी वाचली असती," सोमिल म्हणाला.

राजाने कापशीच्या भादरलेल्या पोटावरून हात फिरवला. मग त्याने हुकूम दिला, की लेखनशाळेतली सारी मोरचुदाची शाई खोल खड्डा खणून पुरावी, आणि यापुढे पानांमध्ये कडुनिंबाचा पाला घालून ग्रंथ कापडात बांधावेत. शाई साधीच असावी, काजळीची. त्या दिवसापासून पोतलीतली शाईची परीक्षा बंद झाली.

दुसऱ्या दिवशी कटंक सोमिलच्या ओट्यावर आला. मनगटाला फडके बांधले होते.

"आता तुझ्याकडे राहिलं काय?"

"काजळी आणि डिंक."

"ते तर माझ्याकडेही आहे."

"मग बस की. बरोबर खलू."

थंडी पडेपर्यंत कापशीला नवे केस आले, पहिल्याहून दाट. दत्तिलांचे पोट दुखायचे थांबले. सोमिल साधी शाई करीत, साधे जेवीत, सुखाने जगला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली, त्याला एक कारण घडले होते. भिक्षूंची चीवर-वस्त्रे रंगवण्याची उत्तम हातोटी एका वृद्ध भिक्षूला होती. त्याचा रंग कधी विटत नसे. पण तो कुठल्या झाडाची साल घेतो आणि किती उकळतो हे कुणाला सांगत नसे. तरुण भिक्षू भलतीच साल वापरून हात भाजून घेत. ते शास्त्यांच्या कानावर गेले होते.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा विश्वसेन राजा म्हणजे दाराशी बसलेले हे उपासक सेनापती. बिल्वक वैद्य म्हणजे विहारातल्या आजाऱ्यांची सेवा करणारा भिक्षू. ओठ काळे झालेले लेखक म्हणजे हात भाजलेले हे तरुण. कटंक म्हणजे परवा भांडण सोडून संघात आलेला नवा श्रामणेर. आणि सोमिल मीच होतो."

वृद्ध भिक्षूने मान वर केली. "आणि ती मांजर, भंते?"

शास्त्यांनी त्याच्याकडे प्रेमाने पाहिले. "कापशी तू होतास. कुणीतरी आपलं गुपित उघड केलं, म्हणून तू वाचलास."

वृद्ध भिक्षू उठला, वंदन करून बाहेर गेला आणि रंगाच्या काहिलीजवळ उभा राहून त्याने हात भाजलेल्या तरुणांना एकेकाच्या नावाने हाक मारली.

स्वतःचे नुकसान होत असतानाही जे ज्ञान जीव वाचवते ते मोकळ्या हाताने देणे, याला दानपारमिता म्हणतात.