राजकन्येचे जावळ

एका राज्यात दिवस उजाडायचा तो केस विंचरायला. राजकन्या रेणुवतीचे केस रोज हातभर वाढत. खिडकीतून उतरून, पायऱ्यांवरून वळत ते बाजारात पोचले होते. लोक त्यांना वळसा घालून हलक्या पावलांनी चालत, चिमण्या त्यांत घरटी करीत. दिसायला मोठे गोजिरे. पण राणीचे काळीज तुटत होते. पोरीचे सारे बळ केसच पिऊन टाकत. जावळाला नऊ वर्षे झाली, तरी ती वर्षाचीच राहिली होती. केस नदीला टेकले की पोर त्यांतच विरून जाणार, असा शाप होता. नदी आता शंभर हात उरली होती.

न्हावी भिवाजीचे सात वस्तरे बोथट झाले. तेव्हा धनेश पक्षी येऊन बोलला, "भिवाजी, इथे लोखंड चालायचे नाही. शिंग, खवले, नख ही केसांचीच भावंडे. ती माग, हिसकावू नकोस. त्यांचा वस्तरा कर."

भिवाजी रानात गेला. गेंड्याच्या मानेला त्याने तेल चोळले. गेंड्याने शिंगाचा तुकडा दिला. खवल्या मांजर अंगाचे मुटकुळे करून बसले होते; ते उलगडेपर्यंत भिवाजी तीन दिवस शेजारी बसला, मग मांजराने एक खवला दिला. वाघाचे नख पंजात रुतले होते. ते भिवाजीने हलक्या हाताने काढले. वाघाने ते नखच त्याला दिले.

शिंगाची मूठ, खवल्याचे पाते, नखाची धार. वस्तरा झाला, पण केस कापेना. नदी आता दहाच हातांवर होती.

भिवाजी राजाच्या पाया पडला. "महाराज, जावळाच्या दिवशी लेकरू मामाच्या मांडीवर नव्हतं, सोन्याच्या चौरंगावर होतं. मी पाहिलं, तरी वस्तरा चालवला; तिथूनच शाप लागला. मी बोलायला हवं होतं."

राजाची मान खाली गेली. राणीचा भाऊ जिवबा शिंगाच्या फण्या करी. कपड्यांना शिंगाचा वास येतो म्हणून राजानेच त्याला त्या दिवशी वेशीवरून परत पाठवले होते.

राजा अनवाणी त्याच्या दारी गेला. म्हणाला, "दाजी म्हणून नाही, पोरीचा बाप म्हणून आलोय. चला."

जिवबाने फळीवरची एक इवली फणी घेतली. नऊ वर्षांपूर्वी ती भाचीसाठीच केली होती. महालात येऊन तो मांडी घालून बसला, पोरीला घेतले, फणी फिरवली. भिवाजीने वस्तरा टेकवला मात्र, केस सुटले आणि वाऱ्यावर निघून गेले.

मग रेणुवती वाढू लागली. दोन वर्षांची झाली, चारांची झाली, दिवस कलेपर्यंत दहांची झाली. राज्यात पुन्हा कामे सुरू झाली, चिमण्या झाडांवर गेल्या. जिवबाच्या मांडीला मुंग्या आल्या, तरी तो हलला नाही.

पोरीने डोळे उघडले. म्हणाली, "मामा, मी जड झाले का?"

"हो गं बाई," जिवबा रडत म्हणाला, "चांगली जड झालीस."